गळाची शिसं घरी ओतताना: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

बाजारात गळाला लावायची शिसं मिळतात ती बहुतेक गोल, नाहीतर लांबट. नाशिकच्या गंगापूर धरणाचा काठ मुरमाड आणि उतरता. गोल वजन टाकलं की घरंगळत खोलात जातं आणि आमिष भलतीकडेच. दारणा नदीवर आवर्तन, म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, सुटलेलं असलं की उलटी अडचण, पाण्याला ओढ एवढी की हलकं वजन जागेवर राहत नाही. म्हणून दोन आकार ठरवले: काठासाठी चपटं ६० ग्रॅमचं, ओढीच्या पाण्यासाठी चौकोनी बुडाचा ९० ग्रॅमचा पिरॅमिड. शिवाय नदीकाठी फेकजाळी विणणारे एक दादा आहेत. त्यांना जाळ्याच्या घेराला ओवायचे भोकाचे मणी हवेत. ते जमले तर पुढे बघू.

कागदावरचा हिशेब सोपा आहे. शिशाची घनता ११.३४, म्हणजे ६० ग्रॅमला सुमारे ५.३ घन सेंटिमीटर जागा आणि ९० ग्रॅमला आठला जरा कमी. १५ मिमी व्यासाची गोळी २० ग्रॅमची भरते. साच्याचं माप इथूनच काढायचं.

मेहुण्याच्या एका मित्राने लगेच विचारलं, "मग बंदुकीच्या गोळ्या पण जमतील की!" ओतायची रीत तीच असली तरी परवान्याशिवाय काडतुसाचं सामान बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्यात गुन्हा आहे. तो विषय तिथेच संपवला.

८ जानेवारी

जागा नक्की झाली. मखमलाबादला मेहुण्याचं पत्र्याचं शेड आहे, दोन बाजू उघड्या, खाली कोबा. द्राक्षाच्या बागेपासून लांब आहे, आणि सांडलेलं शिसं मातीत जाणार नाही, कोब्यावरून खरवडून उचलता येईल. फ्लॅटच्या गॅलरीत हे काम करायचं नाही, गच्चीवरही नाही.

धोक्याबद्दल जरा नीट लिहून ठेवतो, कारण जो तो धुराचीच भीती घालतोय. शिसं ३२७.५ अंशांना वितळतं आणि उकळायला १७४९ अंश लागतात. आपण ४०० च्या खाली काम करणार. तिथे वाफ फारच थोडी. उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन बसलं की ती बाजू सांभाळली जाते. खरी भानगड वर साचणाऱ्या करड्या मळाची. हा शिशाचा ऑक्साइड, सुकला की पिठी होते, ती हाताला, बाहीला, चपलेला लागते आणि हातावरून तोंडात जाते. आपल्याकडचे गळवाले तर तळहातावर तंबाखू मळतात आणि बारीक शिसं दोरीवर दाताने चावून बसवतात. एवढ्या दोन सवयी सोडल्या तर महागड्या मास्कपेक्षा जास्त फायदा होईल, असं माझं मत.

शेडचे नियम: आत खाणं, चहा, तंबाखू काही नाही. कामाचे कपडे आणि बूट तिथेच ठेवायचे, कपडे वेगळे धुवायचे. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. लहान मूल आणि गरोदर बाई शेडच्या आसपास नको. मुलांच्या अंगात शिसं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं आणि मेंदूवर परिणाम करतं.

१५ जानेवारी

संक्रांतीपासून शेडमागच्या मोकळ्या जागेत पतंगवाल्या पोरांची जत्रा आहे. पतंग शेडवर अडकला की आत घुसतात. काम बंद.

१९ जानेवारी

भंगार. सातपूर-अंबड लिंक रोडच्या बाजूला आणि द्वारकेच्या टायरवाल्यांकडे फिरलो.

सगळ्यात चांगला माल म्हणजे जुन्या भूमिगत वीजकेबलीवरचं शिशाचं आवरण. जवळजवळ शुद्ध, मऊ, नख लागलं तरी ओरखडा उठतो. टायरवाल्याकडची चाकाची बॅलन्सिंग वजनं स्वस्त पडतात, पण ती निवडावी लागतात. त्यांत थोडं अँटिमनी असतं म्हणून ती कडक. त्याच डब्यात लोखंडाची आणि जस्ताचीही वजनं मिसळलेली असतात. काहींवर धातूचं नाव उठवलेलं असतं, बाकीच्यांसाठी कोब्यावर टाकून आवाज ऐकायचा. शिसं 'थप्' करून बसतं, जस्त खणखणतं. शंका आली तर पक्कड लावायची, शिशात तोंड रुततं, जस्तावर घसरतं.

जस्ताची एवढी काळजी कशाला? थोडं जरी विरघळलं तरी अख्खी कढई लापशीसारखी घट्ट होते आणि साच्याचे कोपरे भरत नाहीत. जस्त ४१९.५ अंशांना वितळतं. म्हणून पारा ४०० च्या आत ठेवायचा. चुकून तुकडा गेला तरी तो न वितळता वर तरंगतो आणि झाऱ्याने उचलता येतो. पारा बघायला सातपूरच्या दुकानातून थर्मोकपल घेतलं. या कामात एकच वस्तू विकत घ्यायची झाली तर ही घ्यावी.

भंगारवाल्याने बॅटरीच्या शिशाच्या विटा दाखवल्या, भाव निम्मा. घेतल्या नाहीत. बॅटरीच्या पट्ट्यांत आम्ल मुरलेलं असतं आणि आर्सेनिक, अँटिमनी, कॅल्शियम मिसळलेलं असू शकतं. त्यांच्या मळाला पाणी लागलं तर आर्सिन, स्टिबिन असे जीवघेणे वायू सुटू शकतात. वापरलेली बॅटरी नोंदणी असलेल्या पुनर्वापरवाल्याकडेच जायला हवी, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत तेच आहे. या विटा कुणाच्या अंगणात वितळवल्या असतील देव जाणे.

२२ जानेवारी

कामाला हात घालण्याआधी रक्तातलं शिसं तपासून घेतलं, म्हणजे पुढे तुलना करता येईल. साधी रक्ततपासणी आहे, आकडा डेसिलिटरला मायक्रोग्रॅममध्ये येतो. सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच किंवा जास्त आला तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवा, असा तिचा सल्ला. माझा तीनच्या आत आहे. काम संपल्यावर पुन्हा.

२ फेब्रुवारी

भंगार वितळवून लगड्या पाडल्या. भंगार थेट साच्यात ओतायचं नाही. आधी साफ करून लगड्या करायच्या, मग दुसऱ्या दिवशी लगड्यांतून माल ओतायचा. घाणीचं काम आणि नेमकेपणाचं काम एका बैठकीत घेतलं की दोन्ही बिघडतात.

भांडं बिडाची कढई. ॲल्युमिनियमचं पातेलं मुळीच नको, धगीवर ते मऊ पडतं आणि वजनाने बूड सुटायची भीती. खाली तीन पायांची बसकी शेगडी, कढई हलणार नाही अशी. लगड्यांसाठी घरातलं जुनं बिडाचं अप्पेपात्र. त्याच्या दांड्याला भोक पाडून लाल रंग फासला आणि हिला दाखवून ठेवलं. "आता हे माझ्या ओट्यावर दिसलं तर तुम्हीच बघा," एवढंच म्हणाली. एकेक लगडी पाव किलोच्या आसपास होते, आणि शिसं थिजताना आकसतं म्हणून पात्र उलटं केलं की आपोआप पडते.

पहाटे मखमलाबादला दव पडतं. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या भंगाराच्या खाचांत ओल असते. पाण्याची वाफ झाली की आकार सुमारे १७०० पट होतो. वितळलेल्या शिशाच्या वर थेंब पडला तर तो चुरचुरून उडून जातो, पण तोच थेंब ओल्या तुकड्याबरोबर रसाच्या खाली गेला तर अख्खी कढई अंगावर येते. त्यामुळे रिकाम्या कढईत भंगार थंडपणीच भरून मंद आचेवर तापवायचं, आणि रस झाल्यानंतर जे घालायचं ते आधी कढईच्या काठावर चटका बसेपर्यंत वाळवायचं. केबलीचा तुकडा दोन्ही बाजूंनी चेपलेला असेल तर आधी चिरून उघडायचा, आत कोंडलेला तेलकट कागद असतो.

वितळल्यावर चाकाच्या वजनांच्या लोखंडी पकडी वर तरंगल्या, झाऱ्याने काढल्या. मग सागाचा कोरडा भुसा आणि मेणबत्तीचा तुकडा टाकून सुक्या काठीने ढवळलं. मेण भपकन पेटतं, तोंड लांब ठेवायचं. यातला कार्बन ऑक्साइडमधला प्राणवायू ओढून घेतो आणि मळातलं बरंचसं शिसं परत रसात जातं. उरते ती करडी-काळी राख. ती कोरडी काढून झाकणाच्या डब्यात भरली, डब्यावर नाव लिहिलं.

केबलीच्या लगड्यांवर 'के' आणि चाकाच्या लगड्यांवर 'चा' असं खिळ्याने कोरलं. हे पुढे कामाला येतं.

९ फेब्रुवारी

साचे. अंबडला नानांचं छोटं वर्कशॉप आहे. त्यांना चित्र दाखवलं तर म्हणाले, "हे बाहेर निघणार कसं, सांग आधी." त्यांचं म्हणणं असं की साच्याचा पहिला विचार ओतण्याचा नसतो, सोडवण्याचा असतो. सरळ भिंत असली की माल अडकतो. भिंतीला दोन-तीन अंश उतार दिला, पिरॅमिडला तो मुळातच आहे.

ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे, मध्ये दोन पिना म्हणजे अर्धे एकमेकांवर नेमके बसतात, मागे दाराची बिजागरी, पुढे लाकडी मुठी. ओतायचं तोंड वर, फनेलसारखं रुंद. नानांनी ते माझ्या चित्रापेक्षा मोठं केलं: थिजताना शिसं साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकसतं आणि तेवढा रस वरच्या तोंडातून खाली ओढला जातो. तोंड बारीक असलं तर ते आधी थिजतं आणि खळगा मालातच पडतो. हवा निघायला दोन्ही अर्ध्यांच्या जोडावर सुईने बारीक रेघा मारल्या, हवा जाईल आणि शिसं जाणार नाही इतक्याच.

दोरी बांधायच्या कडीसाठी १६ गेजची पितळी तार. साच्यात तारेपुरती खाच. तारेची आतली टोकं पिळून ठेवायची, नाहीतर मासा लागल्यावर कडी तेवढी हातात येते.

१६ फेब्रुवारी

पहिला ओत. वेल्डरचे हातमोजे, चामडी बूट, विजार बुटाच्या वर सोडलेली, तोंडावर पारदर्शक ढाल. साच्याला मेणबत्तीची काजळी धरली आणि साचा कढईच्या काठावर तापत ठेवला.

थंड साच्यातला माल सुरकुतलेला निघतो, कडा गोल, कोपरे अर्धवट. तो तसाच कढईत परत. साचा तापत गेला तशा सुरकुत्या गेल्या. मग उलट टोक आलं. साचा जास्त तापला की माल दुधाळ दिसतो आणि थिजायला वेळ लागतो, घाईत उघडलं तर तुटतो. गळाच्या वजनाला दुधाळपणाने काही फरक पडत नाही, मात्र तो दिसला की दोन ओतांत थोडं थांबायचं. मधली जागा हाताला लवकर कळते.

पळी कढईच्या तळातून भरायची, वरच्या थरातून नाही, म्हणजे मळ येत नाही. ओत एका धारेत, मध्ये थांबलं की तिथे पदर दिसतो. तोंडावर रसाची टेकडी राहील इतकं भरायचं. ती टेकडी खचत खचत खाली बसते, ते बघत राहावंसं वाटतं. पूर्ण बसली आणि चमक गेली की साचा उघडायचा.

२३ फेब्रुवारी

तोंडाचे तुकडे कापून सगळा माल काट्यावर घातला. कापायला पक्कडच, कानस नाही. कानशीने शिशाची पूड होते आणि तीच नको आहे.

काट्याने एक गंमत दाखवली. 'के' लगड्यांतली चपटी वजनं ६० च्या जवळ आणि 'चा' लगड्यांतली ५८ च्या आसपास. साचा तोच, तापमान तेच. अँटिमनी हलकं, म्हणून मिश्रण हलकं. म्हणजे हा ६० चा साचा धातू पारखायलाही चालतो. अनोळखी भंगार आलं की एक वजन ओतायचं आणि काट्यावर ठेवायचं. नाना यावर खूश. त्यांनी साच्यावर '५.३ घसेंमी' असं कोरून दिलं.

पिरॅमिडला 'चा' लगड्या, कारण दगडावर आपटून तो चेपत नाही. चपट्याला 'के'.

२ मार्च

आभाळ आलंय, अवकाळीची लक्षणं. शेडच्या दोन बाजू उघड्या आहेत. भट्टी लावली नाही, पत्र्याखाली बसून तयार वजनांना ऑइलपेंटचे दोन हात दिले. रंगाने हात काळे होत नाहीत, डब्यात वजनं एकमेकांवर घासून पूड होत नाही. रंग उडाला की पुन्हा द्यायचा.

९ मार्च

जाळ्याचे मणी. वेळखाऊ काम. मणी पिंपाच्या आकाराचा, मधून आरपार भोक. भोकासाठी साच्यात ४ मिमीची पोलादी सळई. शिसं आकसून सळईला घट्ट मिठी मारतं. सळईला काजळी धरली, एका टोकाला किंचित निमुळती केली आणि माल थिजताक्षणी, गरम असतानाच पिळून ओढली, तेव्हा सुटायला लागली.

दादांना नमुने दाखवले. त्यांनी मणी हातात घेतलाच नाही, आधी भोकाच्या कडेवरून दोरीचा तुकडा ओढला. "ही कड दोरी कापणार. पहिला पाऊस निघायच्या आत घेर तुटेल." भोकाच्या दोन्ही तोंडांना उतरती कड हवी. हातात ड्रिलचं मोठं पान धरून दोन वेढे फिरवले की कड मोडते आणि जो निघतो तो सलग छिलका, पूड नाही. खाली ओलं फडकं ठेवायचं.

१६ मार्च

धरणावर, ठेका असलेल्या सोसायटीच्या परवानगीने. चपटं वजन उतारावर टाकलं तिथेच बसलं. तिलापिया बरेच, एक बरा रोहू. दारणेवर पिरॅमिड पुढच्या आवर्तनाला बघू.

२३ मार्च

दोरीवर चिमटायच्या बारीक गोळ्या करायच्या का, यावर आठवडाभर डोकं खाल्लं. मागणी सगळ्यात जास्त त्यांनाच आहे. शिशाच्या करायच्या नाहीत, असं ठरवलं.

गोदावरी, दारणा, कादवा, तिन्हींचं पाणी शेवटी नांदूरमध्यमेश्वरला जमतं. महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. हिवाळ्यात पट्टकदंब, थापट्या, वारकरी, चक्रवाक असे पक्षी तिथे उतरतात आणि वरच्या धरणांच्या काठांवरही चरतात. बदकवर्गी पक्षी दाणे दळायला बारीक खडे गिळून पेषणीत, म्हणजे पोटातल्या दळणाऱ्या पिशवीत, ठेवतात. त्यांना खडा आणि गोळी यात फरक कळत नाही. पेषणीत गोळी दळली जाते, पोटातल्या आम्लात विरघळते आणि रक्तात जाते. थोड्याशा गोळ्या बदकाला मारायला पुरतात. ब्रिटनमध्ये हंस असेच मरायला लागले म्हणून १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅममधली शिशाची गळवजनं विकायला बंदी आली, आणि त्यानंतर हंसांची संख्या सावरली. ही मर्यादा मला पटते. ६० ग्रॅमचा चपटा तुकडा कुठला पक्षी गिळणार नाही. बारीक गोळी मात्र काठावर सांडते, चिमटा सैल पडून सुटते, आणि शिसं वाहून जात नाही, पडलं तिथेच गाळात बसतं.

बारीक गोळ्या कथलाच्या. कथील शिशाच्या दहापटीहून महाग, पण एका गोळीला लागतं किती!

२९ मार्च

कथील कुठे मिळेल, तर कल्हईवाल्याकडे. भद्रकालीतल्या चाचांकडे गेलो. "चाचा, यात शिसं नाही ना मिसळलेलं?" त्यांनी कांडी माझ्या कानाजवळ आणून वाकवली. आतून कर्रकर्र असा बारीक आवाज आला. "शिसं घातलं की आवाज दबतो, भाऊ. बाजारात मिसळून विकतात, मग त्याच भांड्यात लोक चिंच शिजवतात." सोल्डरची तार कथलासारखीच दिसते, पण तिच्यात पुष्कळदा चाळीस टक्के शिसं असतं, म्हणून ती चालणार नाही.

तरी शेडवर येऊन ६० चा साचा पुसून घेतला आणि त्यात एक वजन ओतलं. कथलाची घनता ७.२९, म्हणजे ३८.६ ग्रॅम यायला हवं. काट्यावर साडेअडतीस. चाचांचा कान आणि नानांचा साचा एकमताचे निघाले.

कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यासाठी वेगळी छोटी कढई आणि वेगळी पळी. ६ मिमीच्या गोळ्यांचा साचा, चिरेसाठी मध्ये फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या मापाचं, पातळ पातं. गोळी ०.८ ग्रॅमची होते, शिशाची १.३ झाली असती. म्हणजे त्याच खोलीसाठी एकाऐवजी दीड गोळी धरायची. निव्वळ कथील बोटांनी चिमटतं, दात लागत नाहीत.

चाचांनी उरलेलं कथील परत मागितलं होतं. दिलं नाही. माझ्या शेडमध्ये आलेलं कथील पुन्हा कुणाच्या पातेल्याला लागू नये.

६ एप्रिल

मणी पोचते केले. दादांनी एका जाळ्याचा घेर ओवून नदीवर मारून बघितला, उघडण्याबद्दल तक्रार नाही. आता ते विचारतायत की पुढच्या जाळ्याला मण्यांऐवजी लोखंडी साखळी लावली तर कशी बसेल. लावून बघा म्हटलं, मण्यांचं काम मला तसंही नको झालंय. साखळी हलकी पडेल, म्हणून घेराला जरा जास्त लांबी आणि जाड कड्या लागतील. नमुना म्हणून दोन जाडीच्या साखळ्या आणून देतो.

रक्ताचा दुसरा आकडा आला, पहिल्याइतकाच. मळाचा डबा भरत आलाय, तो पुनर्वापरवाल्याकडे द्यायचा. पिरॅमिडच्या साच्याचं तोंड थोडं बाजूला घ्यायचं आहे, कडीजवळ कधी कधी हवा अडकते. नाना म्हणतात, अक्षय्य तृतीयेनंतर ये.